बाकीचे गप्प होतात तेव्हा

केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली आहे, ही गोष्ट गाण्याची आवड असलेल्या मराठी घरात एकदा तरी सांगितली जातेच. १९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली, प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली आणि पृथ्वीवर काय गायलं-वाजवलं जातं याचा नमुना म्हणून सत्तावीस तुकडे तिच्यावर घेतले. त्यांत गोव्यातल्या केरीच्या या बाईंची ‘जात कहाँ हो’. सांगणारा इथे अभिमानाने थांबतो, ऐकणारे मान डोलावतात, तेवढ्यात चहा येतो. त्या तबकडीवर बाईंच्या शेजारपाजारी कोण बसलंय, हे विचारायचं राहून जातं.

माझंही राहिलं होतं. यादी हाती लागली तेव्हा बाख, मोझार्ट, बेथोव्हन अशा अपेक्षित मंडळींत एक ओळ दिसली: लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचे ‘हॉट सेव्हन’, ‘मेलन्कली ब्लूज’. लांबी तीन मिनिटांच्या किंचित वर. बाईंची भैरवी साडेतीन मिनिटांची. मापं इतकी जवळ असण्याचं कारण साधं आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसं मावतच नसे. आपल्याकडच्या बुजुर्गांनी तासाभराचा राग त्या तीन मिनिटांत कसा बसवला, याच्या कथा आपण ऐकल्यात. तिकडे शिकागोत त्याच तीन मिनिटांत एक अख्खं संगीत कूस बदलत होतं.

‘मेलन्कली ब्लूज’ कोरलं गेलं ११ मे १९२७ रोजी. त्या आठवड्यात, ७ ते १४ मेच्या दरम्यान, हे सात जण पाच वेळा जमले आणि त्यांनी अकरा बाजू भरल्या. निवड माझ्याकडे असती तर मी त्याच्या आदल्या दिवशी कोरलेली तबकडी यानात ठेवली असती. का, ते पुढे सांगतो. त्याआधी एक कबुली: हे संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी घोर निराशा झाली होती. जगातल्या थोर ध्वनिमुद्रणांपैकी म्हणून ज्यांचं नाव घेतात त्यांत मला ऐकू आली ती पत्र्याच्या डब्यात चाललेली गडबड. तीन वाद्यं एकाच वेळी बोलतायत, मागे बँजो टकटकतोय, वरून तबकडीची खरखर. यात थोर काय आहे?

थोर काय आहे ते कळायला मला एक घरगुती पट्टी सापडावी लागली. ती अशी: बाकीचे किती वेळ गप्प बसतात ते मोजायचं.

आधी ती गडबड समजून घेऊ, कारण ती गडबड नाहीच. न्यू ऑर्लिन्समधून आलेल्या जुन्या जॅझमध्ये सुरावट कॉर्नेटकडे असते. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड, गोलमटोल भाऊ. त्याच्या वर क्लॅरिनेट वेलबुट्टी काढत फिरतं. खाली ट्रॉम्बोन घसरत, गुरगुरत दोघांना धरून ठेवतो. तिघंही आपापलं ऐन वेळी सुचेल ते वाजवतात, तरी कुणाचा पाय कुणाच्या पायात येत नाही. लग्नघराच्या स्वयंपाकघरात चार जावा एकाच वेळी बोलत असतात आणि चौघींनाही चौघींचं नीट ऐकू येत असतं, तसं. बाहेरच्याला कलकलाट वाटतो. आतल्याला त्यात कोण रुसलंय आणि कोण चेष्टा करतंय तेही कळतं. या संगीतात नायक नव्हता. नायक म्हणजे ते स्वयंपाकघरच.

मात्र त्यात एक छोटी खिडकी ठेवलेली असे. तिला म्हणत ब्रेक. सगळे एकदम थांबायचे आणि फक्त दोन बार एकाने भरायचे. बार म्हणजे चार मात्रांचं एक घर. (दुसऱ्या अर्थाचे बारही या गोष्टीत आहेत, अमेरिकेत दारूबंदी असूनही.) दोन बार म्हणजे आठ मात्रा, तीन-चार सेकंद. तेवढ्यात काय सांगायचं ते सांगा आणि पुन्हा गर्दीत सामील व्हा.

तर ही झाली पट्टीवरची पहिली खूण: दोन बार.

ऑगस्ट १९२२ मध्ये एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग आगगाडीने शिकागोत उतरला. आईने प्रवासासाठी ट्राउट माशाचं सँडविच बांधून दिलं होतं, ही आठवण त्याने पुढे जन्मभर सांगितली. दक्षिणेतून लाखो काळी माणसं त्या वर्षांत याच वाटेने उत्तरेकडे येत होती. त्याला बोलावणं होतं जो ऑलिव्हरचं, ज्याला सगळे ‘किंग’ म्हणत. न्यू ऑर्लिन्सच्या सुधारगृहात कॉर्नेट हाती आलेल्या या पोराला ऑलिव्हरनेच पुढे हाताशी धरलं होतं. आता त्याने त्याला आपल्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट म्हणून घेतलं. लिंकन गार्डन्स नावाच्या नाचघरात हा बँड वाजवत असे, आणि लोकांना वेड लावलं होतं त्या दोघांच्या ब्रेकांनी. ब्रेक आला की दोन्ही कॉर्नेट एकदम, एकमेकांना सुसंवादी, आधीच बसवल्यासारखे वाजत. पण बसवलेलं काहीच नसे. गुपित आर्मस्ट्राँगनेच नंतर सांगितलं: बँड जोरात चालू असताना ऑलिव्हर जरासा झुकायचा आणि पुढच्या ब्रेकचे सूर कॉर्नेटच्या पट्ट्यांवर नुसत्या बोटांनी दाखवायचा. पोरगा ते पाहून त्याला शोभेल अशी दुसरी ओळ तिथल्या तिथे मनात रचायचा.

एप्रिल १९२३ मध्ये हा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीकडे ध्वनिमुद्रणाला गेला. खोली रेल्वेमार्गाला लागून, गाडी गेली की काम थांबायचं. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला. त्यात आवाज शिरायचा, पडदा थरथरायचा आणि सुई मेणाच्या चकतीवर ती थरथर कोरायची. ड्रम जोरात वाजवला तर सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. आणि आर्मस्ट्राँगला सगळ्यांच्या मागे, दहा-बारा फुटांवर उभं केलं गेलं, कारण तो जवळ असला की ऑलिव्हर ऐकूच येत नसे. पियानोवर होती लिल हार्डिन, मेम्फिसची, बँडमधली एकटी बाई. तो लांब कोपऱ्यात उदास उभा होता, असं तिने नंतर सांगितलं. हा माणूस इथे मागे उभा राहण्याजोगा नाही, हे त्या खोलीतल्या कर्ण्याला कळलं होतं आणि बहुधा तिला.

फेब्रुवारी १९२४ मध्ये तिने त्याच्याशी लग्न केलं आणि ऑलिव्हरला सोड म्हणून त्याच्या मागे लागली. नवऱ्याने कुणाचा दुसरा कॉर्नेट असणं तिला मंजूर नव्हतं. आर्मस्ट्राँग न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात गेला. तिथे सगळं कागदावर लिहिलेलं. मध्ये ठरलेल्या जागी उठायचं, आपलं वाजवायचं आणि बसायचं. वर्षभराने तो शिकागोला परतला, तो वेगळीच सवय घेऊन. १२ नोव्हेंबर १९२५ रोजी ओके या कंपनीसाठी त्याच्या नावाने पहिलं ध्वनिमुद्रण झालं: लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचे हॉट फाइव्ह. स्वतः तो, पियानोवर लिल, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ट्रॉम्बोनवर किड ऑरी, बँजोवर जॉनी सेंट सायर. लिल सोडली तर सगळे न्यू ऑर्लिन्सचे. ड्रम नाही, खर्जाचं वाद्य नाही.

या पाच जणांबद्दल मला सर्वांत नवल वाटतं ते याचं, की हा बँड जवळजवळ नव्हताच. कंपनीच्या एक-दोन जाहीर जलशांचे अपवाद वगळता तो कधी लोकांसमोर वाजलाच नाही. रात्री हे सगळे वेगवेगळ्या ठिकाणी नोकऱ्या करत. आर्मस्ट्राँग व्हेन्डोम थिएटरात मूकपटांना साथ करी, मग सनसेट कॅफेत पहाटेपर्यंत नाचणाऱ्यांसाठी वाजवी. दिवसा कधीतरी पाच जण स्टुडिओत जमत, दोन-चार बाजू भरत आणि आपापल्या वाटेने जात. त्या तबकड्या कंपनी खास काळ्या गिऱ्हाइकांसाठी काढत असे. इतिहास घडवतोय वगैरे कुणाच्या मनातही नसावं. पहिल्या दिवशीच्या ‘गट बकेट ब्लूज’मध्ये तर आर्मस्ट्राँग एकेका वादकाला नावाने हाक मारून पुढे काढतो, जत्रेत आपल्या माणसांची ओळख करून द्यावी तसा. आजही ते ऐकताना वाटतं, आपण उशिरा आलोय आणि कुणीतरी सरकून जागा करून देतंय.

१९२५ ते १९२८ या तीन वर्षांत अशा साठेक बाजू भरल्या. त्या ओळीने ऐका आणि पट्टी हाताशी ठेवा.

सुरुवातीच्या तबकड्यांत स्वयंपाकघर शाबूत आहे. पण २६ फेब्रुवारी १९२६ च्या ‘कॉर्नेट चॉप सुई’त पहिल्याच क्षणी काहीतरी चुकल्यासारखं होतं: सुरुवातीला कॉर्नेट एकटाच आहे. बाकीचे चार जण वाट पाहतायत. पुढे मध्यावर आणखी एक गोष्ट घडते. बँड थांबतो, पण पुरता नाही. ठरलेल्या मात्रेवर एक फटका मारतो आणि गप्प. पुन्हा फटका, पुन्हा गप्प. मधली पोकळी कॉर्नेट भरत जातो. याला म्हणतात स्टॉप-टाइम. तबलजीने ठेका सोडून नुसती सम दाखवत राहावी आणि गाणाऱ्याने मधलं आवर्तन स्वतःच्या जिवावर तोलावं, तसं. ब्रेकची दोन बारांची खिडकी इथे चांगली दाराएवढी होते.

याच तबकडीमागे एक मजेशीर गोष्ट आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हे सगळं त्या क्षणी सुचलंय. प्रत्यक्षात आर्मस्ट्राँगने हा तुकडा स्वतःच्या हाताने स्वरलिपीत लिहून जानेवारी १९२४ मध्ये, म्हणजे दोन वर्षं आधी, हक्कनोंदणीसाठी वॉशिंग्टनला पाठवला होता आणि स्टॉप-टाइमचा भाग त्या कागदावर आहे. मला हे कळलं तेव्हा क्षणभर फसवल्यासारखं वाटलं. मग आपल्याकडचं आठवलं: बंदिशीतली एखादी जागा गवई वर्षानुवर्षं घासत असतो आणि मैफलीत ती घेतो तेव्हा ‘काय सुचलं!’ म्हणून आपणच दाद देतो. आयत्या वेळी सुचणं आणि तयारी यांच्यात आपण जेवढी मोठी भिंत बांधतो तेवढी ती नसते. उलट मला तो कागद भारी वाटतो. ऑलिव्हरच्या शेजारी दुसरा कॉर्नेट वाजवणारा पोरगा घरी बसून, बाकीचे सगळे गप्प आहेत असं संगीत लिहीत होता.

त्याच दिवशी ‘हीबी जीबीज’ झालं. त्यात तो मध्येच शब्द सोडून निरर्थक बोलांत गाऊ लागतो. हातातून गाण्याचा कागद पडला, तबकडी वाया जाऊ नये म्हणून बोल फेकले, अशी दंतकथा तो आणि त्याचे साथीदार सांगत. गोष्ट गोड आहे, पण असं गाणं त्याच्या आधीही तबकड्यांवर आलेलं आहे आणि ऐकताना कागद पडल्याची गडबड काही जाणवत नाही. असो. ‘स्किड-डॅट-डी-डॅट’ मात्र जरूर ऐका; नोव्हेंबर १९२६ चा हा तुकडा तर जणू ब्रेकांचीच माळ आहे. खिडक्याच खिडक्या, भिंत शोधावी लागते.

मग यंत्र बदललं. मोठ्या कंपन्यांनी १९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण सुरू केलं होतं. ओके कंपनी कोलंबियाच्या ताब्यात गेली आणि १९२७ मध्ये ते तंत्र आर्मस्ट्राँगपर्यंत पोचलं. आता ड्रमने सुई उडत नव्हती, खर्जही पकडता येत होता. म्हणून मे १९२७ मध्ये पाचांचे सात झाले: ट्यूबावर पीट ब्रिग्ज आणि ड्रमवर, लाकडी ठोकळ्यांतून सुटलेला, बेबी डॉड्स. ऑरी त्या वेळी शिकागोत नव्हता, ट्रॉम्बोन दुसऱ्याने वाजवला. पाठीशी पहिल्यांदाच भक्कम लय मिळाली. आणि १० मे रोजी, व्हॉयेजरच्या तबकडीवर गेलेल्या ‘मेलन्कली ब्लूज’च्या आदल्या दिवशी, त्यांनी ‘पोटॅटो हेड ब्लूज’ वाजवलं.

नावात ब्लूज असलं तरी हा बारा बारांचा ब्लूज नाही. बत्तीस बारांची चाल आहे. आधी सगळे मिळून वाजवतात. मग जॉनी डॉड्स क्लॅरिनेटवर पूर्ण बत्तीस बारांची फेरी घेतो. ती नीट ऐकायला हवी, कारण ती चांगली आहे. डॉड्स तेव्हाच्या उत्तम क्लॅरिनेटवाल्यांपैकी एक. त्याची वाक्यं तालाच्या रेघेवर पाय ठेवत जातात, छोटी, तोंडाळ, किंचित हिसके देणारी. जुन्या रॅगटाइमची चाल त्यांत आहे, दगडी रस्त्यावरून टांगा जावा तशी. मग चार बार बँजो. आणि मग सगळे थांबतात.

पुढचे बत्तीस बार, जेमतेम पाऊण मिनिट, बँड दर दोन बारांत एकच फटका मारतो. आठ मात्रांत एक. मधल्या सात मात्रा आर्मस्ट्राँगच्या. ज्या पोकळीला आतापर्यंत दोन बारांत परत यायचं असे ती आता अख्ख्या चालीएवढी लांब आहे आणि तिच्यात उभं राहायला आधार म्हणून फक्त सोळा फटके. काय करावं या माणसाने? धावपळ करून जागा भरून टाकता आली असती. तो तसं करत नाही. पहिलं वाक्य टाकतो, थांबतो. दुसरं त्याला उत्तर देतं. तिसरं दुसऱ्याच्या शेपटातून निघतं. फटका आला की कधी तो त्याच्यावर बरोबर उतरतो, कधी त्याला वरून ओलांडून जातो, कधी किंचित मागे रेंगाळून मग सावकाश गाठतो. आणि मात्रेचे दोन तुकडे तो समान करत नाही: पहिला लांब, दुसरा आखूड, मधे एक झोका. टांग्याचे हिसके गेले. नाव पाण्यावर डुलावी तसा डौल आला. पुढे साऱ्या जगाने ज्याला ‘स्विंग’ म्हटलं ते हेच. ढोलाशिवाय, बँजोशिवाय, फक्त एका माणसाच्या श्वासात ते इतकं स्पष्ट ऐकू येतं, कारण बाकीचे गप्प आहेत.

एक प्रयोग करा. त्या भागात टेबलावर बोटाने ठेका धरा. बँड नसतानाही बोट चुकत नाही, असं लक्षात येईल. ठेका कॉर्नेटच्या आत आहे. लय धरायला साथ लागते, हा न्यू ऑर्लिन्सचा साधा नियम इथे त्या पाऊण मिनिटात निकालात निघाला. ड्रम आले त्याच आठवड्यात ड्रमची गरज उरली नाही, हा विनोद यंत्र बदलणाऱ्यांच्या लक्षात आला असेल का कोण जाणे. यानात मी ठेवली असती ती ही तबकडी. ‘मेलन्कली ब्लूज’ सुंदर आहेच, पण ते घरात बसून ऐकायचं गाणं आहे. परक्या कुणाला माणूस म्हणजे काय ते दाखवायचं, तर पोकळीत उभा राहून न घाबरता बोलणारा माणूस दाखवावा, असं मला आपलं वाटतं.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा जुने पाच एकत्र आले, सोबत पाहुणा म्हणून गिटारवादक लॉनी जॉन्सन. ‘हॉटर दॅन दॅट’मध्ये आर्मस्ट्राँग कॉर्नेट खाली ठेवून बोलांत गातो, साथीला फक्त गिटार. मध्येच तो चार मात्रांच्या तालावर दीड-दीड मात्रेचे सूर ओळीने लावत सुटतो. आपल्याकडे आडलयीत शिरलेला गवई सम कुठे गाठतो म्हणून श्रोते पुढे सरसावतात, तसे आपणही सरसावतो, आणि तो अगदी सहज घरी परततो. मग गळा आणि गिटार यांचे सवाल-जवाब. पाचांपैकी चार जण तोवर भिंतीला टेकलेले आहेत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती अनेकदा टाळली जाते. हा नुसता फायद्याचा सौदा नव्हता. स्वयंपाकघर मोडत होतं. ऑरी आणि डॉड्स यांना गर्दीत बोलायची जी कला अवगत होती तिची किंमत दर महिन्याला कमी होत होती. एकाची वाक्यं इतकी पूर्ण असली की बाकीच्यांनी त्यात काय घालायचं? शेवटच्या शेवटच्या तबकड्यांत डॉड्सला मी ऐकतो तेव्हा तो अडखळत नसतो, पण पाहुण्यासारखा वाटतो. चूक त्याची नाही. घराचा नकाशाच बदलला होता.

१९२८ मध्ये आर्मस्ट्राँगने माणसं बदलली. नाव हॉट फाइव्हच ठेवलं, माणसं सहा होती; असल्या हिशेबात कुणी पडलं नाही. नवे साथीदार बहुतेक त्याच्या रात्रीच्या नोकरीतले, कॅरल डिकर्सनच्या ऑर्केस्ट्रातले. खरं सांगायचं तर त्यांतले ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेटवाले ऑरी-डॉड्सच्या पासंगाला पुरत नाहीत. पण ड्रमवर झुटी सिंगलटन होता आणि पियानोवर अर्ल हाइन्स, आणि हाइन्स म्हणजे वेगळंच प्रकरण. त्याचा उजवा हात सप्तकाच्या जोडसुरांत ट्रम्पेटसारखी खणखणीत वाक्यं फेकायचा आणि डावा मध्येच ठेका मोडून कुठेतरी पळून जायचा, इतका की ऐकणाऱ्याने पडला म्हणून डोळे मिटावेत. तोच दोन्ही हात समेवर हजर. पहिल्यांदा आर्मस्ट्राँगला बरोबरीचा माणूस भेटला होता.

(हाइन्सच्या आधी शिकागोत पियानोवर ज्याचा दबदबा होता तो टेडी वेदरफोर्ड. व्हेन्डोम थिएटरच्या बँडमध्ये तो आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसे; मे १९२६ ची त्यांची ध्वनिमुद्रणं आहेत. त्याच वर्षी तो आशियाकडे निघाला, १९३० च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने गेला. त्या काळच्या ताजमधल्या जॅझच्या सावलीत आपले गोवेकर वादक तयार झाले. त्यांतला हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही आला. तेव्हा ही शिकागोची गोष्ट आपल्या कानावरून कधीच गेलेली नाही असं समजू नका. ‘अलबेला’तला ट्रम्पेट ऐकलाय ना?)

२८ जून १९२८ चं ‘वेस्ट एंड ब्लूज’. चाल किंग ऑलिव्हरची. त्याने स्वतःही ती त्याच महिन्यात थोडी आधी ध्वनिमुद्रित केली होती. शिष्याची तबकडी लावली की बँडच नसतो. एकटा ट्रम्पेट (कॉर्नेट तोवर मागे पडला होता) चार सूर पायऱ्यांसारखे ठेवतो आणि मग काही सेकंद ताल, साथ, चाल यांपैकी कशालाही न बांधलेलं वाजवतो: वर झेप, टोकाला एक श्वास, आणि तिथून वळणं घेत उतरण. जेमतेम बारा सेकंद. लहानपणी कारुसोसारख्या ऑपेरा गायकांच्या तबकड्या आपण ऐकल्याचं तो सांगत असे, आणि इथे ते पटतं. स्टॉप-टाइममध्ये निदान फटके होते. इथे तेही नाहीत. खिडकीचं दार झालं होतं, दाराची आता मोकळी जागा झाली.

आणि शेवटच्या फेरीत तो उलटं करतो. बारा सेकंदांत इतके सूर उधळणारा माणूस एकच उंच सूर धरतो आणि जवळजवळ चार बार सोडतच नाही. खाली बँड पावलं टाकतोय, वर तो सूर न हलता उभा. गप्प बसणं बाकीच्यांकडून घेतलं होतं. आता तो स्वतःच्या वाक्याला गप्प बसवतो. मला या तबकडीतलं तेच जास्त आवडतं. पहिले बारा सेकंद जगभरच्या ट्रम्पेटवाल्यांनी पाठ केले. हा एक सूर पाठ करण्यासारखा नाही, नुसता सोसण्यासारखा आहे.

पट्टी संपली असं वाटतं, पण एक तबकडी राहते. ५ डिसेंबर १९२८ रोजी स्टुडिओत आर्मस्ट्राँग आणि हाइन्स दोघांनीच ‘वेदर बर्ड’ वाजवलं. ही आर्मस्ट्राँगचीच जुनी चीज. एप्रिल १९२३ मध्ये रिचमंडच्या त्या खोलीत ऑलिव्हरच्या बँडने ती ‘वेदर बर्ड रॅग’ म्हणून कर्ण्यात ओतली होती. सात माणसं, दाटीवाटी, आणि ब्रेक आला की दोन कॉर्नेट जोडीने. दोन्ही तबकड्या पाठोपाठ लावाव्यात. चाल तीच, तिच्या खोल्या त्याच क्रमाने येतात. मधल्या साडेपाच वर्षांत माणसं तेवढी निघून गेली आहेत.

ऑलिव्हरचे दिवस तेव्हा उतरणीला लागले होते. हिरड्यांच्या आजाराने त्याला वाजवणं अवघड होत गेलं, आणि १९३८ मध्ये सव्हाना शहरात तो गेला तेव्हा एका बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर झाडलोट करत होता.

‘वेदर बर्ड’मध्ये कुणीच कुणाची साथ करत नाही. ट्रम्पेट वाक्य टाकतो, पियानो ते अर्ध्यात उचलून दुसरीकडे नेतो, ट्रम्पेट हसल्यासारखा मागे वळतो. शेवटाकडे वाक्यं आखूड होत जातात, चेंडू इकडून तिकडे. तरी चालीत ब्रेकच्या जुन्या जागा आहेत तशाच आहेत, ऑलिव्हर पट्ट्यांवर बोटं दाखवायचा त्या. आता गप्प करायला बँड उरलेला नाही, फक्त एक पियानो आहे. ती जागा आली की हाइन्स हात उचलतो, दोन बार थांबतो, आणि आर्मस्ट्राँग ते दोन बार भरतो.